घरच्या पत्त्यावर मिळणार नाही

सिंगापूरच्या तुआस औद्योगिक वसाहतीत मला सगळे 'आंटी कॅनॉट' म्हणायचे. माझी समजूत अशी, की हे नाव फक्त आमच्या गोदामातल्या लोकांना ठाऊक आहे. निवृत्तीच्या दिवशी केकवर तेच नाव आलं आणि निरोपाला आलेली गिऱ्हाइकं सर्वांत जोरात हसली, तेव्हा कळलं की गावभर झालंय. मी केक कापला, खाल्ला आणि वर आणखी एक तुकडा मागून घेतला. लाजायचं काय त्यात? एवढी वर्षं 'नाही' म्हणून मी ते नाव कमावलं होतं.

आमची कंपनी रसायनं विकायची. कारखान्यांना, कॉलेजांना, तपासणीच्या प्रयोगशाळांना. मी पुण्याहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून, नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इथे आले आणि या कंपनीत चिकटले. पुढे माझं काम ठरूनच गेलं. आलेली प्रत्येक ऑर्डर माझ्या टेबलावर यायची. माल कोण घेतंय, कशासाठी घेतंय, ठेवणार कुठे, परवाना आहे का, हे मी बघायचं. माझी सही झाल्याशिवाय गोदामातून बाटली हलायची नाही. विक्रीवाल्या पोरांचा माझ्यावर फार राग. "मॅडम, कस्टमर वेटिंग," म्हणून घिरट्या घालायचे. मी म्हणायचे, बसू दे की, त्याला कॉफी पाज.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रसायन म्हणजे विष आणि विषावर बंदी. इतकं सरळ नसतं ते. काही रसायनांपासून स्फोटकं बनू शकतात, त्यांना पोलिसांचा परवाना लागतो. काही विषारी किंवा अंगावर पडली तर भाजणारी, त्यांचं खातं वेगळं, परवाना वेगळा. शिवाय जागाही तशी लागते. हवा खेळती हवी, कुलपाचं कपाट हवं, आग लागली तर विझवायची सोय हवी. आता एचडीबीच्या, म्हणजे सरकारी इमारतीतल्या, फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराला असा परवाना कोण देणार? आमच्या कंपनीनं तर भानगडच ठेवली नव्हती. घरच्या पत्त्यावर काही म्हणजे काही द्यायचं नाही. साधं मीठ आमच्या बाटलीत भरलं, की तेसुद्धा घरी जाणार नाही.

आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी हौशी माणूस फोन करायचाच. एक गृहस्थ घरी स्फटिक वाढवायचे. त्यांनी मला त्यांच्या स्फटिकांचे फोटो दाखवले, नातवंडांचे दाखवावेत तसे. हा निळा, हा पहिला, याला थोडा टवका गेलाय. एक बाई साबण करायच्या आणि दरवेळी साबणाची वडी माझ्या टेबलावर ठेवून जायच्या. वडी मी घ्यायचे, कॉस्टिक सोडा द्यायचे नाही. एक तरुण जुन्या कॉम्प्युटरांतून सोनं काढणार होता. कुठला तरी व्हिडिओ बघून आला होता आणि त्याला जहाल अ‍ॅसिड हवं होतं.

मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तो मी सगळ्यांना विचारायचे, कंपन्यांनाही. काय करणार, हे मी शेवटी विचारायचे. आधी विचारायचे, "उरलेलं कुठे ओतणार?" सोंग घेणाऱ्याची यावर बोबडी वळते, कारण त्यानं तिथवर विचारच केलेला नसतो. खरं काम करणारा माणूस मात्र लगेच सांगतो.

सोनंवाला इथल्या लहेजात म्हणाला, "टॉयलेट, लाह."

"कितव्या मजल्यावर राहतोस?"

"ट्वेल्व्ह."

"म्हणजे खाली अकरा मजले माणसं राहतात. सगळ्यांची नळी एकच."

"ओह," म्हणाला आणि गेला. पुन्हा फिरकला नाही.

या लोकांना हाकलताना मला आनंद व्हायचा असं कुणी समजू नये. चांगलाच जीव तुटायचा. मी स्वतः केमिस्ट कशामुळे झाले? शाळेत असताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मोरचूद आणि तुरटी आणून आईच्या पातेल्यात खडे वाढवले म्हणून. पातेलं गेलं, आईचे चार शब्द ऐकले, पण डोक्यात ते निळं जे बसलं ते बसलंच. आता तशीच माणसं माझ्यासमोर येऊन बसायची आणि मी त्यांना दार दाखवायचे. पण नियम का आहे हे मला माहीत होतं आणि तो पाळण्यात मी कधी कुचराई केली नाही. माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही बाटलीनं कुणाचं वाईट झालं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते.

प्रशांत कांबळे आला तो मी निवृत्त होण्याच्या आधीच्या वर्षी. सांगलीकडचा मुलगा, वुडलँड्सच्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर. आमच्या मराठी मंडळात येणारा, म्हणून मला ताई म्हणायचा. एका शनिवारी सकाळी ऑफिसात हजर. पाठीवर पोराचे डायपर न्यायची बॅग, आणि तिच्यातून टॉवेलात गुंडाळलेली काचेची जाड तबकडी काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, हा दुर्बिणीचा आरसा. मी घासलाय."

दोन काचा एकमेकींवर ठेवून, मध्ये खरखरीत पूड घालून, महिनोन्‌महिने हातानं घासत राहायचं, म्हणजे एक काच हळूहळू खोलगट होते. प्रशांतनं ते फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत, विटा भरलेल्या पिंपावर केलं होतं. खरखर ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी दोनदा वर येऊन गेल्या म्हणे. मी काच हातात घेतली. इतकी नितळ काच मी आयुष्यात पाहिली नव्हती. आता फक्त तिच्यावर चांदीचा थर चढवायचा राहिला होता, की झाला आरसा. त्यासाठी त्याला सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि आणखी एकदोन गोष्टी हव्या होत्या.

मी विचारलं, "उरलेलं कुठे ओतणार?"

"ठेवणारच नाही, ताई. ते द्रावण ठेवायचंच नसतं. वाळलं तर नुसत्या धक्क्यानंही उडतं. काम झालं की तिथल्या तिथे मीठ घालून निकामी करायचं, साका वेगळा ठेवायचा आणि कचरा नेणाऱ्या परवानावाल्याला द्यायचा. मी बोलून ठेवलंय एकाशी."

घरी प्रयोग करणाऱ्या माणसानं मला इतकं पूर्ण उत्तर कधी दिलं नव्हतं. आणि तरीही मी म्हणाले, "नाही."

"ताई, तुम्ही आहात म्हणून तर आलो."

"मी आहे म्हणूनच नाही. घरचा पत्ता आहे तुझा. बाहेर पाठव ना, कोटिंग करून देतात."

"सगळं स्वतः केलंय हो. शेवटचा हात दुसऱ्याचा लावू?" मग म्हणाला, "बाबा येतायत सिंगापूरला. पहिल्यांदाच. त्यांना माझ्या हातच्या दुर्बिणीतून चंद्र दाखवायचाय. बास."

मी पुन्हा नाही म्हणाले. तो हसला, आरसा टॉवेलात गुंडाळला, वाद न घालता गेला. शहाणा मुलगा आहे, समजला, असं मला वाटलं.

शहाणा कसला! आपण मराठी माणसं इथे काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. इथे एखादी गोष्ट मिळाली नाही, की आपण दुकान बदलत नाही, तिकडून येणाऱ्याची बॅग शोधतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पंचांग, कुकरची रिंग, सगळं बॅगेतून. गेली पंचवीस वर्षं मीही तेच करतेय.

एका रविवारी मी मरीन परेडला आमच्या घराजवळच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. प्रशांतच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला.

"ताई, पुढच्या शनिवारी जेवायला या. बाबा येतायत आज रात्री. आणि तुमच्या मागचं ते टेन्शनपण गेलं हं. आरशाचं औषध बाबाच घेऊन येतायत."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. "कसलं औषध?"

"त्या बाटल्या हो. तिकडे सायन्सच्या सामानाच्या दुकानात मिळाल्या. फुटू नयेत म्हणून डिंकाच्या लाडवांच्या डब्यात ठेवल्यात."

"लाडवांच्या डब्यात!" मी इतक्या जोरात ओरडले की भाजीवाल्यानं सुटे पैसे परत मोजले.

त्या बिचारीला काही कल्पना नव्हती. मला मात्र सगळं समोर दिसायला लागलं. सिल्व्हर नायट्रेट आगीला जोर देतं, अमोनियाची बाटली विमानात फुटली तर माणसं गुदमरतील. विमानात दोन्ही चालत नाही. चुकून पोचलंच, तर इथे चांगी विमानतळावर बॅग स्कॅनरखाली जाणार. सत्तरी ओलांडलेला, पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस, इंग्रजी जेमतेम, लाडवांत लपवलेल्या बाटल्या. लपवलेल्याच म्हणणार ना ते! त्यांना खोलीत बसवून प्रश्न विचारणार. आणि मग विचारणार, कुणासाठी आणलं? मुलासाठी. मुलगा इथे कसा? नोकरीच्या पासवर. म्हणजे पास गेला, नोकरी गेली, पोराबाळांसकट बॅगा भरायच्या. एका आरशापायी.

प्रशांतला फोन लागेना. तो शिफ्टवर होता, आणि चिपच्या कारखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत. मी वैशालीकडून बाबांचा नंबर घेतला आणि बाजाराच्या पायरीवर बसूनच लावला. ते मुंबईच्या विमानतळावर नुकतेच गाडीतून उतरले होते.

"जय भीम. कोण बोलतंय?"

"जय भीम, बाबा. मी सिंगापूरहून मंजिरीताई बोलतेय, प्रशांतच्या ओळखीची. तुम्ही आत गेलात का?"

"न्हाई अजून. भाचा गाडी लावून बॅग काढतोय."

"आत जाऊ नका. भाच्याला सांगा, जाऊ नकोस. बाबा, त्या बाटल्या परत पाठवा. विमानात चालत नाहीत."

गाड्यांच्या आवाजातून ते म्हणाले, "बाई, बॅगेत खालच्या बाजूला हाय. कुणाला दिसणार न्हाई."

"दिसतं, बाबा. यंत्रात सगळं दिसतं. पोराची नोकरी जाईल. त्याला तिकडे परत पाठवतील."

मी खरं तेच सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे.

"पोरगं परदेशी गेल्यापास्नं तेच पाठवतंय. घर बांधलं, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. मी काय पायजे विचारलं की म्हणतंय, काय नको बाबा. ह्या टायमाला पहिल्यांदा त्यानं मला काहीतरी मागितलं. आणि तुम्ही म्हणताय परत पाठवा."

भाचा गाडी घेऊन निघून जाईल या धास्तीनं मी बोलतच राहिले.

"बाबा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका हं. भाच्याबरोबर त्याच दुकानात परत द्या. आणि लाडूसुद्धा खायचे नाहीत आता. तो डबाच जाऊ दे."

"लाडूबी?"

"लाडूबी."

"पोराच्या आत्यानं केलेत वो."

"तिला मी सांगते. तुम्ही या फक्त. आरसा मी करून देते."

बोलून गेले खरी. फोन ठेवला आणि मग कळलं, आपण काय कबूल करून बसलोय. आंटी कॅनॉटनं पहिल्यांदाच 'हो' म्हटलं होतं, आणि तेही हातात काहीही नसताना. पण भाचा डबा घेऊन सांगलीला परत फिरला, असा थोड्या वेळानं बाबांचा फोन आला, आणि मी त्याच पायरीवर बसून मोठ्ठा श्वास सोडला.

संध्याकाळी प्रशांतचा फोन. "ताई, छोटीशी बाटली होती हो..." एवढंच म्हणाला आणि मी त्याची जी खरडपट्टी काढली! "उरलेलं कुठे ओतायचं ते तुला पाठ, आणि बापाच्या बॅगेत काय घालायचं ते कळत नाही? अक्कल गहाण ठेवली होतीस?" तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, त्यांना बरं वाटेल." आता यावर पुढे रागवणार तरी कशी?

सोमवारी सकाळी मी आमच्या बॉसच्या, मिस्टर टॅनच्या केबिनमध्ये गेले. माणूस चांगला, पण भित्रा. रात्रभर डोकं चालवून मी एक गोष्ट शोधली होती, आणि ती इतकी साधी होती की आपल्याला आधी कशी सुचली नाही याचं मलाच नवल वाटत होतं. नियम म्हणतो रसायन घरी जाणार नाही. बरोबर आहे, नको जाऊ दे. पण आरसा प्रयोगशाळेत यायला कुणी बंदी केलीय? आमच्या तुआसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमचीच छोटी प्रयोगशाळा होती. मालाची तपासणी तिथे व्हायची. परवाना होता, हवा खेचणारी कपाटं होती, सगळी रसायनं कुलपात होती, आणि वापरायला सिती नावाची आमची मलय केमिस्ट होती, जिचा हात आजवर कधी चुकला नव्हता.

"कॅनॉट, लाह," मिस्टर टॅन म्हणाले. "काही झालं तर मी जेलमध्ये."

"बॉस, एवढी वर्षं तुमच्या वतीनं मी लोकांना कॅनॉट म्हणतेय. किती गिऱ्हाइकं घालवली मी तुमची?"

"प्लेंटी," ते मनापासून म्हणाले.

"आणि तपासणीवाल्यांना आपल्याकडे कधी काही सापडलं?"

"नेव्हर."

"मग एकदा तुम्ही कॅन म्हणा."

त्यांनी कपाळ चोळलं. मग अटी घालायला सुरुवात केली, तेव्हाच मी ओळखलं की काम झालं. विक्री करायची नाही. थेंबभर रसायनही दाराबाहेर जाणार नाही. रसायनाला हात फक्त सिती लावेल, प्रशांत फक्त स्वतःच्या काचेला. परवाना देणाऱ्या खात्याला फोन करून आधी विचारायचं. तो मी त्यांच्यासमोरच केला, आणि परवान्याच्या जागेत शिकलेलं माणूस वापरणार असेल तर हरकत नाही, असं उत्तर मिळालं. फोनवरच्या बाईंनी उलट मला विचारलं, "चंद्र दिसेल का हो त्यातून?"

शनिवारी वुडलँड्सला जेवायला गेले. बाबा सडसडीत, पांढऱ्या शर्टातले, साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. मला नमस्कार केला, पण नीट बघेनात. आरशाची व्यवस्था झाली हे प्रशांतनं त्यांना सांगितलं होतं, त्यावरही त्यांनी नुसती मान हलवली. आपल्या पोराचं काम कुणी परक्या बाईनं केलं, आपण रिकाम्या हातानं आलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं.

जेवणं झाल्यावर वैशालीनं चहा टाकला आणि साखरेची पिशवी काढून हसत मला दाखवली. "बघा ताई. लाडू राहिले तिकडे आणि बाबांनी काय आणलंय! साखर! सिंगापुरात साखर मिळत नाही का हो बाबा?"

"कारखान्याची दिवाळीची साखर हाय," बाबा हळू म्हणाले. "दरसाली मिळती. प्रशांतच्या वाट्याची तशीच ठेवायचो मी. म्हटलं, न्यावी." आणि खाली मान घालून चहाची वाट बघत बसले.

मी पिशवी हातात घेतली. मोठ्या दाण्याची, पांढरी स्वच्छ साखर. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"बाबा, यातली थोडी साखर मला द्याल?"

"घ्या की. सगळी न्या. चहाला चांगली हाय."

"चहाला नको. आरशाला हवीय."

प्रशांतनं कपाळावर हात मारला. "ताई! खरंच की!"

बाबांना वाटलं, मी त्यांची समजूत काढतेय. "थट्टा करताय व्हय?"

"थट्टा करायला मी एवढ्या लांब मरीन परेडहून येईन का? नीट ऐका. चांदी पाण्यात विरघळलेली असते. ती आपणहून बाहेर येत नाही. तिला पाण्यातून काढून काचेवर बसवायला साखर लागते. साखर उकळून, त्यात थेंबभर अ‍ॅसिड घालून पाक करायचा आणि तो चार-पाच दिवस मुरू द्यायचा, लोणच्यासारखा. कपाटात तयार माल आहे आमच्याकडे, पण तुमच्या साखरेनं काम उत्तम होईल. पाक सोमवारीच करायला घेऊ."

त्यांनी प्रशांतकडे बघितलं. प्रशांतनं मान डोलावली, "खरं सांगतायत, बाबा." बाबांनी उठून स्वतः स्वयंपाकघरातून स्वच्छ डबा आणला, कोरडा पुसला आणि त्यात साखर भरायला लागले. मी म्हणतेय पुरे, पुरे, तर ऐकायला तयार नाहीत. डबा शिगोशीग भरून झाकण लावून माझ्या हातात दिला.

सितीला मी सगळी हकिगत सांगितली. तिनं साखर तोलली, पाक केला, बाटलीवर लेबल लावलं. साखर कुठली, या रकान्यात तिनं 'अंकल' एवढंच लिहिलं.

पुढच्या शनिवारी सकाळी सगळे तुआसला जमलो. मिस्टर टॅन देखरेखीला म्हणून हाफ पँट आणि सपाता घालून आले. सितीनं त्यांना दारातच अडवलं. "नो कव्हर्ड शूज, नो एंट्री." कंपनी त्यांची, पण बिचारे मुकाट्यानं बाहेर काचेपलीकडे बाबांच्या शेजारी खुर्चीवर बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी मिस्टर टॅननी मशीनमधून कॉफी आणून दिली आणि बाबांनी ती अर्धी त्यांच्याच कपात ओतून परत दिली.

पहिल्यांदा फसलं. चांदी चढली खरी, पण कडेला अंगठ्याएवढा डाग मोकळा राहिला. "हू टच?" सितीनं डोळे वटारले. प्रशांतचा चेहरा पडला. काच धुताना त्याचाच अंगठा लागला होता. महिनोन्‌महिने घासलेली काच, आणि आता अंगठा! तो मटकन खाली बसला. सिती म्हणाली, "बसू नको, ऊठ. काच तशीच आहे, फक्त चांदी काढायची." तिनं थर उतरवला, काच पुन्हा धुतली, आणि यावेळी प्रशांतनं श्वास रोखून ती नुसती कडेनं धरली.

सितीनं द्रावण ओतलं, मग पाक ओतला. सगळं गढूळ झालं, आधी तपकिरी, मग काळं. कुणी बघितलं तर म्हणेल, नासलं. काचेपलीकडे बाबा उठून उभे राहिले होते. मी त्यांना हातानं सांगत होते, थांबा, थांबा, असंच असतं. सितीनं काळं पाणी वेगळ्या भांड्यात ओतून घेतलं, वरून शुद्ध पाण्याची धार सोडली. काळं वाहून गेलं आणि त्याखाली लख्ख चांदी. वरचा दिवा, सितीचा गॉगल, प्रशांतचा वेडावाकडा झालेला चेहरा, सगळं त्यात. उरलेलं तिनं तिथल्या तिथे मीठ घालून निकामी केलं, साका रासायनिक कचऱ्याच्या डब्यात बंद केला, लेबल लावलं. तेव्हाच मी प्रशांतला रडायची परवानगी दिली. माझेही डोळे भरले होते, पण गॉगल असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

थेंबभर रसायन दाराबाहेर गेलं नाही. एकही नियम मोडला नाही. आणि आरसा झाला. माझ्या सगळ्या नोकरीत मला या शनिवाराइतका अभिमान दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

दुर्बीण बसवायला प्रशांतला काही दिवस लागले. मग एका संध्याकाळी त्यानं ती वुडलँड्समधल्या त्यांच्या कारपार्कच्या सर्वांत वरच्या मजल्यावर उभी केली. दिवस नुकताच मावळला होता, चंद्र वर आलेला. त्यानं बाबांना पहिलं बोलावलं. बाबा वाकले, डोळा लावला आणि किती तरी वेळ हललेच नाहीत. प्रशांत विचारतोय, "दिसतंय का बाबा? खड्डे दिसतायत?" शेवटी डोळा न काढताच म्हणाले, "गप रं. बघू दे."

एव्हाना कारपार्कमध्ये लोक जमायला लागले होते. खालच्या मजल्यावरच्या त्या खरखरीनं वैतागलेल्या आजी, कुत्रा फिरवायला आलेला एक चिनी माणूस, कामावरून परतणाऱ्या दोघी मलय बायका, एक उत्तरेकडचं जोडपं. रांगच लागली. जो तो बघून 'वाह' म्हणायचा आणि विचारायचा, कुठून विकत घेतली? प्रशांत लाजत सांगायचा, घरीच केलीय. त्या जोडप्यातला गृहस्थ बाबांना हिंदीत म्हणाला, "अंकल, आपके बेटे ने तो कमाल कर दिया."

बाबा ताठ उभे राहिले. शर्ट सारखा केला. आणि हिंदीच्या भानगडीत न पडता, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतच म्हणाले,

"काच पोराची. साखर माझी."

मग त्यांनी पुढच्या आजीबाईंचा हात धरला आणि त्यांना दुर्बिणीपाशी नेलं.